पन्नास भेटींचा हिशोब बसतो का?

सेल्समधल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच. पहाटे पाचला उठा. रोज ५० भेटी करा. 'नाही' ऐकून मागे फिरू नका, ८० टक्के सौदे पाचव्या भेटीनंतरच होतात. २१ दिवस नेटानं केलंत की सवय लागते. ध्येय कागदावर लिहा, कारण येल विद्यापीठात १९५३ साली ज्या तीन टक्के मुलांनी ते लिहिलं, ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त कमावत होती. टार्गेट मारत राहा, प्रमोशन आपोआप येतं. खाली सिंहाचा फोटो.

कोल्हापुरात बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, चालवणाऱ्यानं, किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कोटेशन घेऊन फिरणाऱ्यानं हे शब्दशः पाळलं तर वेळ वाचायचा सोडून जाईलच. या मजकुरातलं घड्याळ आहे माल विकणाऱ्याच्या मनगटावर. सेल्समध्ये चालतं ते घेणाऱ्याचं.

पहाटे पाचचं लवकर आटपू. उठा की. तालमीत जा, रंकाळ्याला चक्कर मारा, तब्येतीला चांगलंच. पण किराणा दुकानदार साडेनऊ-दहाच्या आत सेल्समनशी बोलत नाही, आणि तुमचा दिवस रात्री आठ-साडेआठला डिस्ट्रिब्युटरकडे वसुलीचा हिशोब देऊन संपतो. पाचला उठून अकराला झोपणारा गडी दुपारी साडेतीनला मोटारसायकलवर पेंगतो. सकाळचं खरं काम अर्ध्या तासाचं आहे: गोडाऊनला कोणता माल शिल्लक आहे, आजच्या बीटवर कुणाची किती उधारी किती दिवसांची आहे, आणि मागच्या खेपेला कुणाला काय कबूल केलंय. हे न बघता निघालं की नसलेल्या मालाची ऑर्डर घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला शिव्या खातो.

आता ५० भेटी. कागद घ्या. सकाळी साडेनऊ ते दीड म्हणजे २४० मिनिटं. दुपारी साडेचार ते आठ म्हणजे २१०. एकूण ४५०. पन्नासनं भागलं की भेटीला नऊ मिनिटं येतात, त्यातच गाडी लावणं आणि पुढच्या दुकानापर्यंत जाणं. एका नीट भेटीत काय काय असतं? गिऱ्हाईक हटेपर्यंत थांबायला तीन-चार मिनिटं. फळीवर आपला माल किती उरलाय, मागे कुठे ढकललाय, कशाची तारीख जवळ आलीय हे बघायला दोन. ऑर्डर आणि स्कीम समजावायला चार. मागच्या बिलाचे पैसे मोजून घ्यायला, पावती द्यायला दोन-तीन. एकूण अकरा ते तेरा, वर जाण्यायेण्याचा वेळ. म्हणजे राजारामपुरीसारख्या दाट भागात, जिथे एका गल्लीत चार-पाच दुकानं सापडतात, ३० ते ३५ भेटी होतात. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांत १५ ते १८ झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, माल विकणाऱ्याच्या तीन-चार, त्यातल्याही एकीत गेटवर अर्धा तास.

मग रोज ५० लिहिणारे कुठून आणतात? दारात उभं राहून 'काय लागतंय का' विचारतात, 'नको' ऐकतात आणि ॲपमध्ये भेट टिपतात. फरक बिलांत दिसतो. ५० भेटींत १४ बिलं आणि बिलामागे दोन लाईन्स (बिलावरच्या वेगवेगळ्या वस्तू) म्हणजे २८ लाईन्स. ३३ भेटींत २० बिलं आणि बिलामागे चार लाईन्स म्हणजे ८०. एकूण भेटींचा आकडा मॅनेजरला खूश करायला पुरतो. स्वतःच्या वहीत मात्र बिल निघालेल्या भेटी आणि लाईन्स लिहाव्यात.

भेटी किती यापेक्षा भेट कधी, हा प्रश्न मोठा आहे आणि त्या मजकुरात त्याचा पत्ताच नाही. लक्ष्मीपुरीत सकाळी साडेअकराला होलसेलवाल्याच्या दारात टेम्पो लागलेला असतो. हमाल पोती खांद्यावर घेऊन आत जात असतो, मालक खांद्याला फोन दाबून पोती मोजत असतो, गल्ल्यापाशी दोन खेड्यांतले दुकानदार यादी घेऊन उभे. अशा वेळी स्कीमचा कागद पुढे केला की 'आत्ता नको, माल उतरालाय, उद्या ये की' हे उत्तर ठरलेलं. त्यानं तुम्हाला नाकारलेलं नाही, वेळेला नाकारलंय. तोच माणूस दुपारी चारला पंख्याखाली बसून सगळं ऐकून घेतो. म्हणून डायरीत दुकानाच्या नावापुढे चार गोष्टी हव्यात: निवांत असण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टीचा वार, पैसे देण्याचा वार आणि खरेदीचा निर्णय घेणारा माणूस. सुट्टीचे वार भागाभागानं वेगळे असतात. चुकीच्या वारी इचलकरंजी गाठणं म्हणजे जाऊन येऊन साठेक किलोमीटरचं पेट्रोल आणि अर्धा दिवस पाण्यात.

तारखांचंही तसंच. गावातल्या दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. बिल झालं की उत्पादकांच्या हातात पैसा येतो आणि गावातल्या दुकानदाराची उधारी वळते, म्हणून वसुली त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत लावावी. ऊसपट्ट्यात एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते. पैसे खात्यावर कधी पडले हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, विचारायची लाज बाळगू नये. कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी रिटर्नची. त्याच्या दोन दिवस आधी पेमेंटसाठी जाऊन बसलात तर चहा मिळेल, चेक नाही.

पावसाळ्यात तर रस्ताच वेळापत्रक ठरवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. त्यामुळे शिरोळ, हातकणंगल्याकडच्या नदीकाठच्या बीटचा माल आणि वसुली जूनअखेर पुढे ओढून घ्यायची. जुलै-ऑगस्टसाठी शहरातल्या नव्या दुकानांची यादी हाताशी ठेवायची, नाहीतर पाणी वाढलेल्या आठवड्यात गडी नुसता बातम्या बघत बसतो.

'८० टक्के सौदे पाचव्या भेटीनंतर.' हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय. कोणता माल, कोणतं गिऱ्हाईक, कुठला बाजार, काहीच सोबत नसतं. वीस रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याला आणि वीस लाखांच्या मशीनला एकच नियम कसा लागेल? पाचव्यांदा जायचं की नाही हे 'नाही' कुठल्या जातीचं आहे त्यावर ठरतं. 'माल आहे अजून' म्हणाला तर महिन्याचा खप विचारा: ६० नग खपतात आणि २० शिल्लक आहेत, म्हणजे दहा दिवस. माल पोचायला दोन दिवस धरले तर आठव्या दिवशी जा, तिसऱ्या दिवशी जाऊन डोकं खाऊ नका. 'आधी ती एक्स्पायरी उचला' म्हणाला तर ती विक्री नाही, तक्रार आहे. ती मिटेपर्यंत दहा वेळा गेलात तरी दहाव्यांदा तेच ऐकाल. 'बघू की' म्हणाला तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलताय. गल्ल्यावर मुलगा बसतो, निर्णय वडील घेतात, आणि वडील संध्याकाळी येतात.

कारखान्यातलं 'बघू' आणखी वेगळं. तिथे दुसऱ्या सप्लायरशी वर्षाचा रेट ठरलेला असतो, तो बऱ्याचदा मार्चअखेर संपतो. जून-जुलैत पाच चकरा मारून काही हलत नाही. त्यापेक्षा दिवाळीनंतर ट्रायल लावून घ्यावी. समजा ग्राइंडिंग व्हील, म्हणजे कास्टिंग (ओतीव भाग) घासायचं चाक, विकताय: दहा व्हील द्या, पण एका व्हीलला किती कास्टिंग निघाली हे सुपरवायझरकडून शिफ्टवार लिहून घ्या. सध्याच्या व्हीलची तीच नोंद त्याच मशीनवर, त्याच कामावर घ्या. ट्रायल फसते ती बहुधा इथंच. नवं व्हील रात्रपाळीला, जुनं दिवसपाळीला, कास्टिंग वेगळं, आणि शेवटी परचेसवाला म्हणतो, 'फरक काय वाटला नाही.' दर कास्टिंगचा खर्च लिहिलेला एक कागद जानेवारीत त्याच्या टेबलावर असेल तर एका भेटीत पाच चकरांचं काम होतं.

२१ दिवसांची गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपासून सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं. पुढे 'किमान' गळालं आणि चेहराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका पसरलेला. त्यातली कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. रोजचा हिशोब रात्री लिहायचा ठरवलात आणि जोतिबाच्या यात्रेत दोन दिवस राहिला, तर वही फेकून देऊ नका. तिसऱ्या दिवशी लिहा.

येलच्या अभ्यासाबद्दल एवढंच: तो झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकानं १९९६ साली माग काढला, तेव्हा वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि विद्यापीठाकडे असा अभ्यास सापडला नाही. ध्येय लिहू नये असं कुणी म्हणत नाही. पण 'पाच वर्षांत एरिया मॅनेजर' हे कपाटावर चिकटवून मंगळवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा बांधणीच्या ठरावांवर बरंच काम केलंय, आणि ती बांधणी फिरतीच्या कामाला फिट बसते. 'दर गुरुवारी, कागल बीट संपली की, घरी फिरायच्या आधी दोन नवी दुकानं' असं लिहिलं की पाळलं का नाही हे शुक्रवारी कळतं. महिन्याला आठ नवी दुकानं पाहिली आणि त्यातली तीन टिकली तरी वर्षाला ३६ होतात.

टार्गेटचीही अशीच फोड हवी. महिना दहा लाखांचा असेल तर १० तारखेला तीन लाख, २० ला साडेसहा, २५ ला साडेआठ. शेवटच्या पाच दिवसांना दीड लाखापेक्षा जास्त ठेवू नये. कारण २८ तारखेनंतर जो माल ढकलला जातो तो दुकानात न जाता डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनला बसतो, पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस मेलेले जातात, आणि मग पुन्हा २८ तारखेची वाट. हे चक्र एकदा लागलं की त्या माणसाला वेळेचं कोणतंही तंत्र शिकवून उपयोग नाही.

राहिलं 'प्रमोशन आपोआप'. टार्गेट मारणारे एका कंपनीत डझनावारी असतात. वरची जागा दुसरं काम मागते: स्वतः विकणं कमी, डिस्ट्रिब्युटर सांभाळणं आणि चार सेल्समनकडून करून घेणं जास्त. त्यासाठी आठवड्यातले दोन तास वेगळे काढावे लागतात, शक्यतो शनिवारी दुपारी, बाजार सुस्त असताना. निपाणी-गडहिंग्लजकडे डोळा असेल तर कामापुरतं कन्नड. एक्सेल. आणि सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटरच्या गुंतवणुकीवरचा परतावा, कारण तो धंदा सोडतो तेव्हा भांडण याच आकड्यावर झालेलं असतं.

उदाहरण घ्या. गोडाऊनमध्ये माल सहा लाख, बाजारात उधारी पाच लाख, कंपनीकडे अडकलेले क्लेम, म्हणजे कंपनीकडून परत यायचे पैसे, एक लाख. गुंतले बारा लाख. महिन्याची विक्री १५ लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे ७५ हजार. भाडं, टेम्पो, पोरांचे पगार मिळून ४५ हजार गेले, उरले ३० हजार. वर्षाचे तीन लाख साठ हजार, परतावा ३० टक्के. आता क्लेम एक लाखाचे चार लाख होऊ द्या. गुंतवणूक १५ लाख, नफा तोच, परतावा २४ टक्क्यांवर. विक्री एक रुपयानं पडलेली नाही, तरी मालक तुमच्या फोनला 'बघू' म्हणायला लागतो. ज्याला हे गणित गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या मांडता येतं, तो क्लेमचे कागद महिन्याच्या ५ तारखेच्या आत ऑफिसला पाठवतो.

या कामाची नोंद कुठल्याच ॲपमध्ये होत नाही. म्हणून दर महिन्याला एक पान स्वतः लिहावं: बिल निघालेल्या भेटी, लाईन्स, टिकलेली नवी दुकानं, ३० दिवसांवरची उधारी किती होती नि किती राहिली, क्लेम किती दिवसांत सुटले. दुकानांची नावं-नंबर त्यात नकोत, ती कंपनीची आहेत. बारा पानं झाली की एरिया मॅनेजरकडे वेळ मागायची. तीही २५ तारखेनंतर नको.