शिफ्टबदल आणि ‘२४ तासांचा नियम’: खुलासा

‘२४ तास आधी न कळवता शिफ्ट बदलल्यास कोणताही कर्मचारी कुठेही ती नाकारू शकतो’ असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, कारण असा सार्वत्रिक कायदा अस्तित्वात नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित असतात त्यांना वाजवी पूर्वसूचनेविना दिलेले काम नाकारता येते, मात्र वाजवी म्हणजे किती तास हे निर्देशात ठरवलेले नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात तर प्रौढांसाठी पूर्वसूचनेची अटच नाही. ऑरेगन राज्यात मोठ्या किरकोळ विक्री, हॉटेल व खाद्यसेवा कंपन्यांना १४ दिवस आधी वेळापत्रक द्यावे लागते. त्यामुळे नकार देण्यापूर्वी आपला करार आणि स्थानिक कायदा तपासावा.