देवरहाटीतली काठी

फाल्गुन लागला की वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात सुरंगीचा वास सुटतो, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते आणि निवृत्त माणसाला चिंतन करावेसे वाटू लागते. त्यासाठी मी रोज सकाळी आमच्या मोत्याला घेऊन देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईत, फिरायला जातो; मात्र तिथे आजवर मी एकाच विषयाचे चिंतन केले आहे, तो म्हणजे काठी.

देवरहाटीतले लाकूड, मग ते आपोआप गळून पडलेले का असेना, घरी न्यायचे नाही असा दंडक आहे आणि त्याच्या धाकानेच तिथली झाडे दोघांच्या कवेत मावेनाशी झाली आहेत. हा दंडक गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोत्याला नाही. तो रोज बराच वेळ हुंगून एक काठी पसंत करतो आणि आमच्या तुळशीपुढे आणून ठेवतो. पहिल्याच दिवशी ती शेजारच्या गुरवांच्या नजरेस पडली.

"देवाचा ता देवाक परत गेलाच पायजे, काका!"

तेव्हापासून आदल्या दिवशीची काठी परत नेणे हे माझे नित्यकर्म झाले. हळूच खाली ठेवली तर मोत्या ती उचलतो. लांब फेकली तर अधिक आनंदाने उचलतो, कारण हा खेळ मीच शोधून काढला अशी त्याची समजूत आहे.

गेल्या मंगळवारी मी ती चिडून जाळीत भिरकावली. जाळी खाजकुयलीची निघाली. या दिवसांत तिच्या केसाळ शेंगा वाळलेल्या असतात आणि धक्का लागताच कुसे उडतात. मोत्या कुसांसकट बाहेर आला, काठी माझ्या पायाशी ठेवली आणि शाबासकीच्या अपेक्षेने माझ्या पोटऱ्यांना अंग घासू लागला.

"राखणदाराने हिशेब चुकता केला हो!" सौभाग्यवती म्हणाल्या. त्या कुसांत म्यूकुनेन नावाचे विकर आणि सेरोटोनिन असते, असे मी त्यांना समजावून सांगितले. पण सांगताना दोन्ही हातांनी खाजवत असल्यामुळे विज्ञानाची बाजू जरा लंगडी पडली. शेवटी सर्वांगाला शेण फासून मी ते वाळेपर्यंत अंगणात बसलो. त्या दिवशी रस्त्याने नेमका सगळा गाव गेला.

मग गुरवांनीच रहाटीच्या कडेला नारळ ठेवून मुक्या जनावराच्या वतीने गाऱ्हाणे घातले. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत असताना मोत्या कुठे दिसत नव्हता. गाऱ्हाणे संपले तेव्हा तो आला आणि एक भली मोठी काठी त्याने गुरवांच्या पायाशी ठेवली. गुरवांनी ती उचलली, क्षणभर विचार केला आणि लांब फेकली.