काय गरज आहे जर्मन शिकायची?

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. इथल्या म्युनिकच्या मराठी ग्रुपवर काल रात्री एका नवीन मुलाने विचारलं, येऊन तीन आठवडे झालेत, संध्याकाळचा जर्मनचा क्लास कुठला बरा? एवढंच. आणि खाली पंचवीस-तीस उत्तरं. काय गरज आहे, आयटीत आहेस ना मग इंग्लिश चालतं, मोबाईलवर ट्रान्सलेट कर की. एकाने तर अभिमानाने लिहिलंय, नऊ वर्षं झाली, 'डांके' (थँक यू) आणि 'च्यूस' (बाय) एवढ्यावर मस्त चाललंय. नऊ वर्षं! पोरगं शिकायचं म्हणतंय तर त्याला शिकू द्या ना, तुम्ही नाही शिकलात तर त्याला कशाला मागे ओढताय?

मी 2017 च्या नोव्हेंबरात आले. गीझिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग, ती कंपनीतल्या एकीने सोबत येऊन करून दिली आणि मला वाटलं सुटलो. खाली टपालपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्याकडे पोस्टमन चार जणांना विचारून घर शोधतो. इथे पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबरच नसतो, बेलवर आणि पेटीवर आडनाव नसेल तर पत्र सरळ परत जातं.

खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या पुढची बाई राहायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिने मला जिन्यात गाठलं आणि मोठमोठ्याने, खालच्या दाराकडे हात करून काहीतरी बोलत सुटली. एक शब्द कळला नाही. मी सॉरी सॉरी म्हणत वर पळाले आणि नवऱ्याला म्हणलं, ही म्हातारी खडूस आहे, आपल्या फोडणीच्या वासावरून भांडतेय. कारण याच ग्रुपवर वाचलं होतं ना, शेजारी वासावरून कटकट करतात म्हणून! त्यानंतर मी तिच्या दाराचा आवाज आला की घरातच थांबायचे.

मग पहिला पगार आला तो भलताच कमी. ऑफिसात कळलं की टॅक्स नंबर दिला नाही म्हणून सहाव्या टॅक्सक्लासने, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या गटाने, कापलाय, आणि तो अकरा आकडी नंबर नोंदणीनंतर घरी पत्राने येतो. पत्र आलंच नव्हतं. आरोग्यविम्याचं कार्ड नाही, बँकेचा पिन नाही. मी महिनाभर जर्मनीला नावं ठेवत होते.

आता खरा राग कशाचा आलाय ते सांगते. ग्रुपवर 'काय गरज आहे' म्हणणारे हेच लोक पुण्याला गेले की काय बोलतात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. दहा-दहा वर्षं इथे राहतात आणि साधं मराठी येत नाही यांना, आपल्या गावात येऊन आपली भाषा शिकायला काय होतं. बरोबरच आहे, मलाही तेच वाटतं, तुम्हालाही वाटतं. मग तो नियम विमानात बसलं की कुठे जातो? भाजीवाल्याने बारा तास गाडी लावून मराठी शिकायचं आणि आपण एसी ऑफिसात बसून जर्मन शिकायचं नाही?

भाषा अवघड आहे, मान्य. डेअर-डी-डास, म्हणजे शब्दाचं लिंग, अजूनही चुकतं. लहान मुलं आणि नोकरी सांभाळून क्लासला जाणं सोपं नाही, आणि तुसडे लोकही भेटतात, आडनाव बघून घर नाकारणारे पण आहेत, नाही कोण म्हणतं. पण भाषा म्हणजे फक्त ब्लू कार्डवाल्यांची, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांची, परीक्षा नाही हो. यांच्यासाठी ए वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, दाखवलं तर 27 महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आणि दोन पायऱ्या वरचं बी वन दाखवलं तर 21, बस्स, सहा महिन्यांचा हिशोब! सर्टिफिकेट फाईलला लावायचं आणि शेजारी समोर आला की मोबाईलमध्ये डोकं घालायचं.

डिसेंबरात एकदा संध्याकाळी ऑफिसातून आले तर पेटीवर चिकटपट्टीने लावलेला रेघी कागदाचा तुकडा. निळ्या पेनने आमचं आडनाव, एक अक्षर चुकलेलं. मला वाटलं घरमालकाने लावलं असेल. त्या आठवड्यात पत्रं यायला लागली.

दीड वर्षाने, माझं ए टू चालू असताना, धीर करून मी खालच्या आजींशी जिन्यात बोलायला थांबले. त्या इतक्या खूश झाल्या की मला आत नेऊन कॉफी पाजली. हळूहळू बोलत होत्या माझ्यासाठी. तेव्हा कळलं. पोस्टमन आमची पत्रं परत नेत होता ते त्यांनी दोनदा पाहिलं होतं आणि तेच मला सांगत होत्या. "तू पळालीस त्या दिवशी," म्हणाल्या. मग पुढच्या वेळी त्यांनीच पोस्टमनला थांबवून पाकिटावरचं नाव उतरवून घेतलं.

मला काय बोलावं कळेना. इतके महिने मी त्या बाईला खडूस म्हणत होते. माफी कशी मागायची ते जर्मनमध्ये येत होतं तेवढं मागितली. त्याच दिवशी त्या म्हणाल्या, आता मला 'डू', म्हणजे 'तू', म्हण. इथे मोठ्या माणसाने स्वतःहून हे म्हणायचं असतं, आपल्याकडे कोणी म्हणावं ना की अहो-जाहो पुरे आता, तसं. लिहितानाही डोळ्यात पाणी येतंय.

गेल्या वर्षी त्या वृद्धाश्रमात गेल्या. महिन्यातून एका रविवारी जाते मी. ऐकू कमी येतं आता त्यांना, मी मोठ्याने बोलते.

पेटीवरचा तो कागदाचा तुकडा मी पर्समध्ये ठेवलाय.

आणि त्या मुलासाठी, तू हे वाचत असशील तर, बाकीच्यांचं ऐकू नकोस. फोल्क्सहोखशूल, म्हणजे मोठ्यांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था, तिचे संध्याकाळचे क्लास असतात, प्रायव्हेटपेक्षा फी बरीच कमी, लिंक इनबॉक्समध्ये टाकलीये. आणि आज घरी गेलास की आधी खाली जाऊन बघ, पेटीवर तुझं नाव लागलंय का.