भोंगा कुठाय?

निपाणीच्या मामांनी जुनं घर पाडायचं ठरवलं आणि आमच्या सगळ्या पावण्यांना त्या घराबद्दल एकदम प्रेमाचं भरतं आलं. हंडे, घागरी, पाट, सागवानी दारं असं करत करत घर आतून रिकामं झालं आणि मी पोचेपर्यंत (मी सगळीकडं असाच पोचतो) तंबाखूच्या माळ्यावर एक काळी पेटी तेवढी उरली होती. मामी म्हणाली, "शिलाई मशीन हाय वाटतं, ने जा." झाकण उघडलं तर आत हिज मास्टर्स व्हॉइसचा कुत्रा! 102 नंबरचं मॉडेल, चावीचा पोर्टेबल फोनो, म्हणजे ग्रामोफोन, 1931 मध्ये बाजारात आलेला. वाळवीनं हात लावला नव्हता, तिला शिंका आल्या असणार, कारण मला बेळगावपर्यंत कारमध्ये थांबता थांबत नव्हत्या.

घरी आलो, बायकोनं बघितलं आणि विचारलं, "भोंगा कुठाय?"

त्या दिवसापासून आजपर्यंत ही पेटी बघून हा प्रश्न न विचारलेला माणूस मला भेटलेला नाही. अरे बाबांनो, पोर्टेबलमध्ये भोंगा आतच असतो, घडी घालून पेटीच्या पोटात बसवलेला, आवाज मागच्या बाजूनं निघतो आणि उघड्या झाकणावर आपटून पुढं येतो. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन. पण लोकांना भोंगा दिसायला लागतो. आमच्या साडूकडं टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये तसा आहे, चकचकीत पितळी, कमळासारखा उमललेला, टीव्हीच्या शेजारी, येणारा जाणारा त्याच्या बाजूला उभा राहून फोटो काढतो. असल्या बहुतेक मशिनी अलीकडंच जोडलेल्या असतात, नवी लाकडी पेटी, नवा भोंगा, वर कुत्र्याचं स्टिकर. पण हे साडूला कोण सांगणार, सासरवाडीला जायचं असतं की आपल्याला.

तर आमची पेटी. चावी फिरवली तर फिरतच राहिली, गर्रगर्र, आत काही धरतच नव्हतं, म्हणजे स्प्रिंग तुटलेली. आता आमच्या गावात फौंड्री आणि हायड्रॉलिकवाले ढिगानं, विमानाचे भाग करणारे आहेत, फोनोची स्प्रिंग म्हणजे काय असा विचार करून उद्यमबागेत एका ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं आधी विचारलं, "भोंगा कुठाय सर?" मग मोटर हातात घेऊन उलटी सुलटी केली. मी नेटवर वाचलेलं सगळं ऐकवलं, की स्प्रिंगचा डबा उघडताना जाड हातमोजे घालायचे, वर गोणपाट टाकायचं, एकेक वेढा सावकाश सोडायचा. तो म्हणाला, "आगतैती री (होतंय हो), तुम्ही चहा घ्या."

चहाचा पहिला घोट घेतला आणि खळ्ळकन आवाज झाला. मी एवढंच बघितलं की काहीतरी लांबलचक काळं जिवंत झालं, लेथवरचा पोरगा खाली बसला, आणि पत्र्यापर्यंत ग्रीसचा एक फराटा उठला. स्प्रिंग दाराजवळ जाऊन थरथरत पडली होती. मिस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत डांबरासारखा पट्टा, कुणीतरी जानवं काढावं तसा. तो शांतपणे म्हणाला, "जीव हाय की ओ हिच्यात."

जीव होताच. फक्त बाहेरच्या टोकाला, भोकापाशी मोडली होती. तेवढं टोक गॅसवर तापवून मऊ केलं, नवीन भोक पाडलं, झालं काम. पण आतलं ग्रीस वाळून इतकं घट्ट बसलेलं की ते धुवायला रॉकेल पाहिजे, आणि रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही. शेवटी डिझेलात भिजत घातलं. घरात तंबाखूचा वास होताच, त्यात डिझेल आलं, बायको दोन दिवस माहेरी जाऊन आली. मग ग्राफाइटचं ग्रीस लावून तीच स्प्रिंग परत डब्यात बसवली, या वेळी मिस्त्रीनं गोणपाट स्वतःच मागून घेतलं.

पुढचा नग म्हणजे गव्हर्नर. तीन छोटी वजनं असतात, पातळ पोलादी पट्ट्यांवर, फिरायला लागली की बाहेर फाकतात आणि त्यांच्यामुळं एक चकती सरकून ब्रेकच्या गादीला घासते, म्हणून वेग आवरतो. एक पट्टी मोडलेली. खडेबाजारातल्या एका घड्याळवाल्या आजोबांनी भिंग डोळ्याला लावून नव्या पट्ट्या कापून दिल्या, तिन्ही बदलल्या, कारण एक जरी वेगळी राहिली तर मशीन घरघरतं. साऊंडबॉक्समधलं, म्हणजे सुई जिथं बसते त्या डबीतलं, रबर दगड झालेलं, तिथं त्यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बसवली. पैसे किती विचारलं तर म्हणाले, "वाजला की ऐकवायला आण, मग बघू. आणि भोंगा पण आण."

वेग लावायचा म्हणजे मिनिटाला 78 फेरे. रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवून, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मी मोजत बसलो की मधेच कुणीतरी विचारणार, "काय करूलालास?" आणि आकडा गेला. सगळी झोपल्यावर लागला एकदाचा.

रविवार पेठेतल्या भंगारवाल्याकडून तबकड्या आणल्या होत्या, त्यात एक बालगंधर्वांची. लावली. आणि खरं सांगतो, त्या पेटीतून तो आवाज आला तेव्हा बायकोसुद्धा कणकेच्या हातानं बाहेर येऊन उभी राहिली. पण स्प्रिंग थोडी आखूड झालेली ना, शेवटाकडं दम जातो. ऐन रंगात आलेलं गाणं खाली खाली उतरायला लागतं आणि इतकी सुंदर नायिका बघता बघता घसा बसलेल्या हवालदाराच्या आवाजात तान घ्यायला लागते. म्हणून गाणं चालू असताना एकानं चावी मारत राहायचं. तीन मिनिटांची एक बाजू, मग उठा, तबकडी उलटा, सुई बदला. हो, सुई दर बाजूला नवी! लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी असते, ती सुईला घासून खाचेच्या मापाची करते, ती तशीच ठेवली तर मग सुई तबकडीला खाते. आमच्या आत्यानं शिवणाची सुई लाव म्हणून सांगितलं होतं. शेजारचे काका तर सिनेमाच्या गाण्यांची एलपी घेऊन आले, लाव म्हणून हटून बसले. या साऊंडबॉक्सचा शंभरेक ग्रॅमचा भार, एलपीवर शेत नांगरल्यागत होईल म्हटलं तर रुसून गेले.

मामांना आता ही पेटी म्हणजे खानदानी इस्टेट वाटते. परवा फोनवर कुणाला तरी सांगत होते की कुमार गंधर्व लहानपणी याच फोनोवर रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे. कुमारांचा जन्म सुळेभावीचा, 1924 चा, रेकॉर्डी ऐकून तशाच्या तशा गायचे हेही खरं, पण या हिशेबानं आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनोवर ते बसून गेलेत.

मागच्या रविवारी साडू आला. कारमधून चादरीत गुंडाळलेला त्याचा भोंगेवाला उतरवला, म्हणाला चावी फिरतच राहतेय, तुझ्या त्या मिस्त्रीला दाखवू. आम्ही दोघांनी भोंगा काढला, वरची फळी उघडली, आणि आत बघितलं तर मोटर जुन्या पोर्टेबलची! म्हणजे माझ्यासारख्याच कुठल्यातरी काळ्या पेटीचं पोट फाडून यात घातलेलं. मी काही बोललो नाही, सासरवाडीला जायचं असतं. साडू बराच वेळ एकदा त्याच्या मोटरीकडं, एकदा माझ्या पेटीकडं बघत राहिला.

मग म्हणाला, "म्हणजे माझा भोंगा तुझ्याला बसतोय की रे!"