घटस्फोटात सगळं आपोआप निम्मं होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "लग्नानंतर घेतलेल्या प्रत्येक गोष्टीत नवरा-बायकोचा निम्मा वाटा. घटस्फोट झाला की कर्जही निम्मं. कोर्टाचा शिक्का बसला की बँकेचा संबंध संपला. सासरी आणलेले दागिने घरचे होतात." यावर विसंबून माणसं शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात सह्या करून मोकळी होतात आणि पुढची कित्येक वर्षं निस्तरत बसतात. म्हणून एकेक दावा तपासू.

निम्म्या वाट्याचा नियम महाराष्ट्रात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरतात. तीच गोष्ट इथे चिकटवली जाते. इथे पाहिलं जातं ते खरेदीखतावर नाव कोणाचं आणि पैसे कोणाचे गेले. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 आहे, पण ते लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामायिक मालमत्तेपुरतं. नोकरी सोडून पंधरा वर्षं घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचे कष्ट इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, कुठेच उमटत नाहीत, आणि हा अन्यायच आहे. तिच्या हाती राहतं कलम 25, म्हणजे कायमस्वरूपी पोटगी. ती ठरवताना दोघांचं उत्पन्न आणि मिळकत पाहतात, गरज पडल्यास देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजाही चढवता येतो. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते वकिलावर सोडून न देता स्वतः ओळ न् ओळ वाचा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कर्जाच्या बाबतीत. समजा, कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, 40 लाखांचं कर्ज बाकी आहे आणि दोघं सहकर्जदार आहेत. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींमध्ये, लिहिलं, "उर्वरित कर्ज पती फेडतील." हे बंधन पतीवर आहे, बँकेवर नाही, कारण बँक त्या दाव्यात पक्षकारच नव्हती. सहकर्जदार निम्म्या रकमेपुरता जबाबदार नसतो. बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडेही मागू शकते. त्याने हप्ता चुकवला की मेसेज तिच्याही फोनवर येतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, तिचाही घसरतो. पुढे तिने वाघोलीत लहानसं घर घ्यायचं म्हटलं, तर हे जुनं कर्ज तिच्या नावावर उभंच. उलट, फक्त त्याच्या नावावरचं वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी तिने जामीन म्हणून सही केली नसेल तर तिची होत नाही. सासरच्यांनी कितीही दटावलं तरी नाही.

म्हणून शेवटच्या तारखेआधी बँकेत जा. एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज चालू ठेवायला बँक तयार आहे का, हे लेखी घ्या. नसेल तर फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेले पैसे वाटून घेणं बरं.

दागिन्यांचा दावा तर साफ खोटा. स्त्रीधन, म्हणजे लग्नात बाईला मिळालेले दागिने आणि भेटी, हे तिच्या एकटीच्या मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. सासूबाईंनी ते लॉकरमध्ये ठेवलं म्हणून मालकी बदलत नाही. लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या जपून ठेवा.

राहिला शिक्का. घटस्फोटाच्या हुकुमाने फ्लॅटवरचं नाव आपसूक निघत नाही. नुसतं "घर पत्नीला" एवढं लिहून भागत नाही. फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि हक्क कधी, कसा सोडायचा हे कन्सेंट टर्म्समध्ये हवं. मुद्रांक शुल्क किती आणि नोंदणी लागते का, हे सह्यांआधी वकिलाकडून पक्कं करून घ्या, कारण हक्कसोडपत्र करायचं तर पुन्हा दोघांनाही दुय्यम निबंधकांसमोर यावं लागतं, आणि तोवर समोरचा माणूस फोन उचलेनासा झालेला असू शकतो. त्यानंतर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेचा मिळकतकर, वीजबिल. बँक खाती, पीएफ आणि विमा यांवरचं नॉमिनेशनही त्याच आठवड्यात बदला.