आईने सिस्टरला विचारलं, 'बाहुलीवर शिकलीस का गं?'

मागच्या आठवड्यात आई ॲडमिट होती. सलाईन लावायला आलेल्या पोरीला तिने विचारलं, "तू बाहुलीवर शिकलीस की माणसांवर?" पोरगी खरं बोलली, "आधी बाहुलीवर." झालं! आईने हात पदराखाली घेतला. मोठ्या सिस्टर येईपर्यंत पाऊण तास बाटली नुसती स्टँडला लटकत होती. चौदा वर्षं मी नर्सिंगच्या मुलींना त्याच बाहुल्यांवर शिकवतेय, हे आईला माहीत नाही का? आहे. पण मामाने ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड जास्त खरा.

फॉरवर्ड असा: 'सावधान! आजचे डॉक्टर-नर्स प्लास्टिकच्या बाहुल्यांवर शिकून थेट तुमच्यावर हात चालवतात. हे परदेशी फॅड आहे. आपल्या परंपरेत गुरूजवळ रुग्णावरच शिकत. बाहुलीवर शिकलेल्याला हात लावू देऊ नका.'

'थेट' हे धादांत खोटं. पहिल्या वर्षापासून मुली वॉर्डात जातात, बाजूला कुणीतरी शिकवणारं असतं.

परंपरेचं म्हणाल, तर मामाने सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय उघडावा. चिरा घ्यायचा सराव कोहळा, कलिंगड, काकडीवर. शीर टोचायचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर नाहीतर कमळाच्या देठावर. टाके कापडावर आणि मऊ चामड्यावर. आणि पट्टी बांधायला? माणसाच्या आकाराचा पुतळा. म्हणजे बाहुलीच की!

आता ते 'हात लावू देऊ नका'. राग याचा येतो, कारण यातून माणसाचं नुकसान होतं. बाळंतपणात कधी कधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकतो. हाताशी मोजकी मिनिटं. घाबरलेला माणूस डोकं धरून ओढतो, आणि तेच करायचं नसतं. मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, बाळाचा हात लुळा पडू शकतो. करायचं काय, तर मदतीला हाक मारायची, बाईचे गुडघे पोटाशी घ्यायचे, ओटीपोटावर हाडाच्या वर नेमका दाब द्यायचा. ही वेळ शंभर बाळंतपणांत एखाद-दोनदा येते. शिकणारीने तिची वाट बघत बसायचं का?

इंग्लंडात ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलने प्रसूती विभागातल्या सगळ्यांना बाहुलीवर हा सराव सक्तीचा केला. आधीच्या चार वर्षांत खांदा अडकलेल्या 324 बाळांपैकी 30 जणांना इजा झाली होती. सराव सुरू झाल्यानंतरच्या चार वर्षांत 262 पैकी 6. म्हणजे 9.3 टक्क्यांवरून 2.3. हे 2008 साली छापून आलंय. फॉरवर्डवाल्याकडे असा एक तरी आकडा आहे?

'पूर्वी रुग्णावरच शिकत' म्हणे. कुठल्या रुग्णावर? जनरल वॉर्डातल्या बाईच्या हातावर चार-चार टोचण्या व्हायच्या, स्पेशल रूममधल्या नाही. आमच्या रबरी हातात लाल पाणी असतं. सुई शिरेत बसली की मागे लाल दिसतं, आरपार गेली की नाही. तिथे वीसदा चुकलं तरी कुणी कळवळत नाही.

एक मात्र मान्य करते, नाइलाजाने. रबरी हात थरथरत नाही. सत्तरीतल्या बाईची कागदासारखी कातडी आणि सुईखालून सरकणारी शीर वॉर्डातच कळते. आणि काही कॉलेजांत बाहुल्या नावालाच असतात. मी पूर्वी होते तिथे बाळंतपणाची बाहुली कपाटात कुलूपबंद असायची. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्यावरचं प्लास्टिक काढलं, आणि टीम गेल्यावर शिपायाने परत गुंडाळलं. मामाला फॉरवर्डच टाकायचा असेल तर त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, यावर टाकावा.