कासवाची पिल्लं विहिरीत सोडायची नसतात

‘कासव वाचवा, पुण्य कमवा’ हा मेसेज मला गेल्या महिन्यात तीनदा आला. दोनदा न वाचताच पुसला. तिसऱ्यांदा तो घरच्याच ग्रुपवर काकूने टाकला, आणि चार दिवसांनी तिच्या नातवाने ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची दोन पिल्लं रंगाच्या रिकाम्या बादलीतून आणून परसातल्या विहिरीत सोडली. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: पुळणीवर पिल्लं दिसली तर घरी आणून विहिरीत सोडा, पाणी शुद्ध राहतं आणि लक्ष्मी येते. रात्री त्यांना टॉर्चने समुद्राची वाट दाखवा. अंडी सापडली तर वाळूच्या डब्यात घालून चुलीपाशी ठेवा. मादी अंडी घालताना वेदनेने रडते. ही कासवं मूळची ओडिशाची, वाट चुकून कोकणात येतात. आणि हजारात एकच जगतं, म्हणून अकरा ग्रुपवर पाठवा.

विहिरीचंच आधी बघू. कोकणात विहिरीत कासव असतं, खरं आहे. आमच्याही विहिरीत आजोबांच्या वेळेपासून एक होतं. पण ते गोड्या पाण्याचं. त्याला बोटं असतात, दगडावर चढून बसता येतं, किडेमकोडे खाऊन त्याचं भागतं. समुद्री कासवाला वल्ही असतात. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू काडेपेटीपेक्षा लहान, आणि त्याच्या पोटात उरलेला बलक ही त्याची सगळी शिदोरी. ती असते किनारा मागे टाकून खोल समुद्र गाठण्यासाठी. पहिला अख्खा दिवस ते जवळजवळ न थांबता पोहतं. विहिरीत टाकलंत तरी पोहणारच, फक्त गोल गोल, चिऱ्यांना धडका देत. आम्ही पोहरा सोडला तोवर एक तळाशी गेलं होतं. दुसरं पोहऱ्यातून वर आलं, पाणी ओतून दिलं तरी कोरड्या पत्र्यावर वल्ही मारतच होतं. खर्र खर्र आवाज येत होता. मेलेल्या पिल्लाने पाणी कसं शुद्ध होतं, असं काकूला विचारलं तर ती उठून आत गेली.

शिवाय हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ते घरात ठेवलंत तर लक्ष्मीच्या आधी वनखातं येईल.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. पोराने ती पिल्लं उचलली नसती तरी त्यांचं काही खरं नव्हतं. ती समुद्राकडे पाठ करून सुरूच्या बनाकडे निघाली होती, कारण बनापलीकडे नवीन रिसॉर्टचा हॅलोजन रात्रभर जळतो. पिल्लं उजेडाकडे जातात. काळोख्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतं ते समुद्रावरचं आभाळ, म्हणून त्यांना वाट सापडते. तुम्ही टॉर्च लावून उभे राहिलात की त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे तुम्ही, ती तुमच्याच पायाशी येणार. अंडी घालायला वर आलेली मादीसुद्धा उजेड बघून तशीच माघारी फिरू शकते.

आता अंड्यांचं. यावर कुणीतरी म्हणेलच, ‘मग ते किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारे कासवमित्र तरी काय करतात? अंडी हलवतातच ना?’ हलवतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली हे काम सुरू केलं, तेव्हा कासवांची घरटी माणसं आणि कोल्ही-कुत्री मिळून रिकामी करायची. तिथे एकदा जाऊन बघा, निम्मा मेसेज तिथेच निकालात निघतो. अंडी घातल्यावर काही तासांत, न उलटता, अलगद काढतात आणि हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा, साधारण दीड फुटाचा खड्डा करून पुरतात. कारण आतला जीव लवकरच कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलंत की तो मेला. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, आणि नर की मादी ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं. गरम वाळूत माद्या जास्त. चुलीपाशी ठेवून तुम्ही अंडी उबवत नाही, उकडत असता. वेळासला पिल्लं सोडतात तीही पाण्यात नाही, अलीकडे वाळूवर, आणि ती आपली आपण चालत जातात. माणसं दोरीमागे.

मादीचं रडणं म्हणजे डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडणारं जास्तीचं मीठ. पाण्यातही ते चालूच असतं, आपल्याला वाळूवर दिसतं इतकंच.

ओडिशाच्या मुद्द्यात चिमूटभर तथ्य आहे. 2021 साली ओडिशात 03233 क्रमांकाचा टॅग लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पण साडेतीन हजार किलोमीटर पोहून येऊन नीट घरटं करणारीला वाट चुकलेली कसं म्हणायचं? उलट गुहागरहून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तीही चुकली का?

हजारात एक हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. जगणारी फार थोडी, एवढं खरं.

पिल्लू भलतीकडे चाललेलं दिसलं तर कोरड्या बादलीत ओलसर वाळू घाला, पाणी नाही, वर फडकं टाका आणि गावातल्या कासवमित्राला फोन करा. तो नसेल तर वनखात्याचा 1926. आमच्या पोहऱ्यातलं पिल्लू असंच फडक्याखाली संध्याकाळपर्यंत होतं. कासवमित्राने अंधार पडल्यावर नेलं, आणि जाताना रिसॉर्टवाल्याला हॅलोजन बंद करायला सांगून आला. तो अजून चालू आहे.